तलावाचा काठ कोणाचा? भंडाऱ्याच्या तळ्यांचा इतिहास

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. त्यात पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण झाले आणि समुद्रासारखे दिसणारे पाणी डोळ्यांसमोर आले. आता तिथे जलपर्यटनाचा सरकारी प्रकल्पही हाती घेतला गेला आहे. अशा वेळी हाती चार पैसे आलेल्या माणसाला पाण्याला लागून जमीन घ्यावी, घर बांधावे, पुढे बोट लावायला स्वतःचा धक्का असावा असे वाटले तर नवल नाही. शहरात नोकरी करणाऱ्याला वाटते, तसे आखाती देशांतून पैसे पाठवणाऱ्यालाही वाटते. पण भंडाऱ्यात तलावाचा काठ विकत घेता येतो का, हा प्रश्न आजचा नाही. त्यामागे तीन-चारशे वर्षांचा इतिहास आहे.

वैनगंगेच्या खोऱ्यात पाऊस भरपूर पडतो, पण धानाला तो वेळेवर लागतो. ऑगस्ट-सप्टेंबरात पंधरा दिवस आभाळ कोरडे राहिले की पीक गेले. म्हणून इथल्या लोकांनी दोन टेकड्यांमधली जागा हेरून मातीची पाळ घातली आणि पावसाचे पाणी अडवले. मोठा तो तलाव, लहान ती बोडी. या कामात कोहळी समाज सर्वांत पुढे होता. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात या समाजाची ओळखच तलाव बांधणारे अशी दिली आहे. चांद्याच्या एका गोंड राजाने आपल्याला काशीहून आणले, अशी त्यांची परंपरा सांगते. नवेगावबांध, सिरेगावबांध, शिवनीबांध ही त्यांची मोठी कामे. नवेगावचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानतात आणि लोकांनी त्यांना पुढे कोलासूर देव म्हणून पुजले. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा नवेगाव आणि सिरेगाव तिकडे गेले.

एवढी मेहनत लोकांनी कशासाठी केली? गोंड राजांनी त्यासाठी एक सरळ व्यवहार ठरवला होता. जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला आणि तलाव बांधणाऱ्याला त्या जमिनीवर हक्क मिळे. चांद्याकडे अशा देणगीला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरातल्या एका वस्तीचे नाव आजही तुकूम आहे. मुस्लिम वाचकांना यात ओळखीचे काही दिसेल. इस्लामी कायद्यात ओसाड जमीन जिवंत करणाऱ्याला तिच्यावर हक्क मिळतो, त्याला इह्या-उल-मवात म्हणतात. त्याच कायद्यात पाणी, गवत आणि आग यांत सगळे लोक भागीदार असतात आणि तहानलेल्या माणसाला वा जनावराला पाण्यापासून अडवता येत नाही. दोन्ही परंपरा एकमेकींपासून दूर वाढल्या, तरी निष्कर्ष जवळचा निघाला : कष्टाने जमीन मिळते, पण तेवढ्याने पाणी खासगी होत नाही.

देवगडच्या गोंड राज्याचा उल्लेखही इथे करायला हवा. राजा बख्त बुलंद शाह याने औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारला. त्याने शेतकरी, कारागीर आणि व्यापारी यांना जातधर्म न पाहता आपल्या मुलखात वसवले आणि १७०२ च्या सुमारास नागपूरचा पाया घातला. भंडारा जिल्ह्यातला आंबागडचा किल्ला त्याच काळात त्याचा सरदार राजा खान पठाण याने बांधला. बख्त बुलंदचा मुलगा चांद सुलतान याने नागपुरात ओढ्यावर बांध घालून जुम्मा तलाव केला. जुम्म्याचे पुढे शुक्रवारी झाले आणि आज त्याच तलावाला गांधीसागर म्हणतात. नावे बदलली, मात्र तलाव शहराचाच राहिला.

मालकीचा अर्थ बदलला तो इंग्रजांच्या काळात. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि त्या दशकातल्या बंदोबस्तात गावचा सारा भरणाऱ्याला गावाचा मालक ठरवले गेले. मालगुजार या फारसी शब्दाचा अर्थच सारा भरणारा. जो काल वसूल करून भरणारा होता, तो कागदावर मालक झाला आणि गावाबरोबर तलावही त्याच्या नावावर गेला. पण गावाचे हक्क पुसता येण्यासारखे नव्हते. ते वाजिब-उल-अर्ज नावाच्या दस्तात लिहिले गेले. कोणी पाणी घ्यायचे, कोणत्या वाटेने गुरे न्यायची, मासे कोणी धरायचे, अशा रिवाजांची नोंद त्यात होई. गावकऱ्यांच्या रोजच्या गरजांसाठीच्या वापराला निस्तार हा शब्द रूढ झाला. मालगुजार तलावाचा धनी असला तरी पाळ फुटली की ती बांधण्याची जबाबदारी त्याच्यावर येई आणि गावही त्या कामाला लागे. ही व्यवस्था न्यायाची होती असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. बेगार होती, जातीची उतरंड होती. तरी हक्क आणि देखभाल एकाच गावात नांदत होती.

स्वातंत्र्यानंतर भंडारा मध्य प्रदेशात होता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ३१ मार्च १९५१ पासून गावे सरकारकडे आली. ज्या तलावांच्या पाण्यावर इतरांचे हक्क होते ते सरकारजमा झाले. काही तलाव, विशेषतः वहिवाटीच्या जमिनीतले, जुन्या धन्यांकडे राहिले. या माजी मालगुजारी तलावांना लोक आज लाडाने ‘मामा तलाव’ म्हणतात. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. पुढे महाराष्ट्र झाला आणि जिल्हा परिषदा आल्या. लहान तलाव त्यांच्याकडे व मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. पाणीपट्टीवरून वाद झाले, कारण शेतकऱ्यांच्या मते पाणी हा त्यांचा निस्तार हक्क होता. या ओढाताणीत पाळीची माती कोण घालणार, गाळ कोण काढणार, हे मागे पडले. तलाव गाळाने भरले, बेशरमची झुडपे माजली, उघड्या पडलेल्या काठावर अतिक्रमणे झाली.

याचा सर्वांत मोठा फटका ढिवर समाजाला बसला. डोंग्यातून जाळे टाकणारा, शिंगाडे लावणारा हा समाज. त्याच्या नावावर बहुधा जमीन नसते, त्याचे शेत म्हणजे तलावच. सहकारी संस्थांमार्फत तलाव ठेक्याने घेऊन तो मासेमारी करतो. पाण्यापर्यंत जायची वाट बंद झाली तर ठेक्याचा कागद त्याच्या काही कामाचा राहत नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्थांनी ढिवरांच्या, विशेषतः बायकांच्या, जुन्या माहितीचा आधार घेऊन तलावांत देशी वनस्पती लावण्याचे आणि देशी मासे परत आणण्याचे काम केले आहे. तलाव जिवंत ठेवण्याची विद्या कोणाकडे आहे, हे त्यातून दिसते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, नाले, तलाव यांचे तळ आणि वाहते वा साठलेले पाणी, दुसऱ्या कोणाची मालकी सिद्ध नसेल तर, राज्य सरकारचे आहे. म्हणजे काठाची जमीन तुम्ही घेतली तरी पाणी आणि तळ तुमच्या खरेदीखतात येत नाही. धक्का काठावर नव्हे, तळावर उभा राहतो. त्यामुळे ज्याच्या ताब्यात तलाव किंवा धरण आहे त्याच्या परवानगीशिवाय तो बांधता येत नाही. यांत्रिक बोटीसाठी २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याप्रमाणे नोंदणी लागते, ती वेगळी. काठाची जमीनही सहज मिळत नाही. विदर्भात १९५८ चा कुळकायदा लागू आहे आणि शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आदिवासीची जमीन असेल तर बंधने आणखी कडक आहेत. धरणाच्या बुडीत क्षेत्रासाठी संपादित झालेली जमीन तर सरकारचीच. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर ती कोरडी दिसते म्हणून ती विकायला कोणी मोकळा होत नाही.

हा वाद जगात इतरत्रही झाला आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्याने १८६९ मध्ये शिकागोसमोरच्या मिशिगन सरोवराचा हजार एकरांहून जास्त तळ एका रेल्वे कंपनीला देऊन टाकला. चार वर्षांनी राज्यानेच तो निर्णय फिरवला आणि १८९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फिरवण्याच्या बाजूने निकाल दिला. असे पाणी सरकारकडे लोकांच्या वतीने ठेव म्हणून असते, ते विकून टाकता येत नाही, असा त्याचा आशय. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हिमाचलातल्या बियास नदीकाठच्या एका हॉटेलच्या खटल्यात हेच तत्त्व भारतात लागू केले. २०११ मध्ये पंजाबातल्या एका गावतळ्याच्या खटल्यात त्याच न्यायालयाने गावाच्या सामाईक जागांवरची अतिक्रमणे हटवण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. पैसे खर्च करून घर बांधले, हा बचावही तिथे मान्य झाला नाही.

म्हणून भंडाऱ्यात तलावाजवळ जमीन पाहणाऱ्याने केवळ सातबारावर थांबू नये. गावनकाशावर तलावाची हद्द पाहावी. पाणी पूर्ण भरते तेव्हा कुठवर येते ते गावकऱ्यांना विचारावे. निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मागावे, कारण संहितेच्या कलम १६१ आणि १६५ मध्ये त्यांना आजही जागा आहे. त्यात गुरांची वाट किंवा मासेमारीचा रिवाज लिहिलेला असेल, तर कुंपण घालताना तो हक्क तुम्ही तोडत आहात हे समजून घ्यावे. असे कुंपण उद्या कोर्टात टिकेलच असे नाही, आणि गावात तर पहिल्याच दिवसापासून भांडण सुरू होईल.

गोंड राजांच्या काळात तलावाकाठची जमीन मिळे ती तलाव बांधल्याबद्दल. आज ती मागितली जाते पाणी सुंदर दिसते म्हणून. ज्याला खरोखर तिथे राहायचे आहे, त्याने गावच्या मच्छीमार संस्थेला आणि ग्रामपंचायतीला आधी भेटावे, पाळीच्या दुरुस्तीत नि गाळ काढण्यात आपला वाटा द्यावा, आणि बोटीची हौस ढिवराच्या डोंग्यात बसून, त्याचे भाडे देऊन भागवावी. त्यासाठी वेगळा धक्का लागत नाही.