सेकंडहँड स्टॉर्म की लीजवरची नवी कार?

माझा एक कोल्हापूरकर मित्र सध्या पेचात आहे. कंपनी पगारातून कापून घेत चार वर्षांच्या लीजवर नवी कोरी गाडी द्यायला तयार आहे. आणि साहेबांना हवी आहे जुनी सॅन स्टॉर्म! साठवलेले सगळे पैसे त्यात जातील. वडील दोन्हीला विरोधात. त्यांचं म्हणणं, लीज म्हणजे भाड्याची गाडी आणि स्टॉर्म म्हणजे खुळेपणा.

स्टॉर्म किती जणांना आठवते? १९९८ साली आलेली, गोव्यात वेर्ण्याला बनणारी ही दोन सीटची, उघड्या टपाची गाडी. बॉडी फायबरग्लासची, इंजिन रेनॉचं ११४९ सीसी, ताकद साधारण ६० बीएचपी. आकडा ऐकून हसू नका मंडळी, गाडी हलकी होती. आंबोली घाटातून खाली सावंतवाडीकडे उतरताना टप उघडा असला की ६० घोडे पुष्कळ होतात.

आता लीज. नव्या गाडीची किंमत आणि चार वर्षांनंतरची अंदाजे किंमत यातला फरक तुम्ही हप्त्याहप्त्याने भरता, वर व्याज. म्हणजे सगळं गणित 'गाडीची किंमत पडते' या एका गृहीतकावर उभं. आपल्या पिढीला ते गुरुत्वाकर्षणाच्या नियमासारखं वाटतं, पण आपल्याकडे ते फार जुनं नाही. परमिट राजमध्ये फियाटसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. त्यामुळे नंबर लागलेली गाडी 'ऑन' घेऊन विकली जायची, आणि वापरलेल्या गाडीलाही चांगला भाव असायचा, कारण ती आज मिळत होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली, तिच्या बुकिंगचंही तेच झालं. १९९३ साली कार बनवण्यावरचं लायसन्स गेलं, कंपन्या आल्या, आणि मग कुठे जुन्या गाडीचा भाव खऱ्या अर्थानं पडायला लागला. भारतातली पहिली लीजिंग कंपनी १९७३ सालीच मद्रासला निघाली होती, पण नोकरदाराच्या दारात लीजची गाडी यायला पुढची कित्येक वर्षं गेली. जी वस्तू विकून पैसे वसूल होतात ती भाड्याने कोण घेईल? तेव्हा मित्राचे वडील हट्टी नाहीत, ते १९८५ च्या बाजारभावाने बोलतायत एवढंच.

स्टॉर्मच्या बाबतीत मात्र मी त्यांच्याशी सहमत नाही, आणि त्याला कारण कोल्हापूर. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक येते ती पाहिली असेलच. राजाराम महाराजांच्या काळातली, १९३० च्या दशकातली जर्मन गाडी. मेबॅकच्या मोटारी दुसऱ्या महायुद्धात बंद पडल्या आणि ते नाव परत आलं थेट २००२ मध्ये. मधली साठ वर्षं ना शोरूम, ना स्पेअर पार्ट. तरी गाडी चालते! कुणीतरी काहीतरी घासून, ओतून, जुळवून बसवलंय म्हणून. (आम्ही इंजिनीअरिंगला चार वर्षं घालवली आणि लेथला हात किती वेळा लावला ते विचारू नका.) शिवाजी उद्यमनगरात एखादा तुटका पार्ट घेऊन गेलात तर 'कंपनीकडून मागवा' हे उत्तर सहसा शेवटचं येतं. आधी नमुना उलटसुलट बघितला जातो.

स्टॉर्मला नेमकं हेच लागणार. तिची कंपनी आता गाडी बनवत नाही. बॉडी गंजणार नाही, पण तडकते. इंजिन परदेशातल्या क्लिओ गाडीचं, म्हणजे पार्ट शोधावे लागतील. कापडी टप शिवून घ्यावा लागेल. लीजच्या गाडीत यातलं काही नाही. पण तिचं बॉनेट उघडून तुम्ही काही करायचंही नाही, कारण ती ठरल्या अवस्थेत परत द्यायची असते.

म्हणून मी त्याला सांगितलं, रोज ऑफिसला जायला हवी असेल तर गुपचूप लीज घे. पण घरी जुनी मोटरसायकल आहे, ऑफिस चार किलोमीटरवर आहे आणि रविवार मोकळा आहे, तर स्टॉर्म घे भावा. फक्त पंधरा वर्षं उलटल्यावरचं पुन्हा रजिस्ट्रेशन झालंय का आणि हरित कर भरलाय का ते बघ. आणि चॅसी नंबर, इंजिन नंबर स्वतः वाकून आरसीशी ताडून बघ. इतक्या वर्षांत कुणी दुसरंच इंजिन बसवलं असेल तर आरटीओत ते निस्तरायला उद्यमनगरचा कुठलाच मिस्त्री कामाला येणार नाही.

शनिवारी आम्ही गाडी बघायला गोव्याला चाललोय. वडीलही येतो म्हणालेत.