शेवटची धून कोणती?

फोन रात्री सव्वाअकराला आला. पलीकडे माझा कोर्समेट. खडकवासल्याला आम्ही तीन वर्षं एकाच स्क्वाड्रनमध्ये काढली, एकमेकांच्या वाटणीच्या शिक्षा भोगल्या. त्याचे वडील संध्याकाळी ऐझॉलला गेले. वय ७६. आसाम रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून निवृत्त. तो स्वतः राजस्थानात, विमानं बदलत दुसऱ्या दिवशी दुपारी पोचणार होता. माझं पोस्टिंग तेव्हा मिझोराममध्येच होतं. ऐझॉल पाच तासांच्या घाटरस्त्यावर.

"तू पुढे हो," तो म्हणाला. "दुपारी घरासमोर प्रार्थना, मग दफन. चर्चचे लोक विचारताहेत, संगीत काय ठेवायचं. मला काही सुचत नाहीये."

मग बराच वेळ तो बोललाच नाही. आणि नंतर म्हणाला, "मला बाबांचा आर्मी नंबर पाठ आहे रे. त्यांना गाणं कोणतं आवडायचं, ते माहीत नाही."

पहाटे चारला जिप्सी काढली. रस्ताभर डोक्यात एकच यादी चालली होती.

आम्हा फौजी लोकांच्या यादीत पहिलं नाव 'लास्ट पोस्ट'चं. शोक शस्त्र झालं, रायफली उलट्या झाल्या, की बिगुलर पुढे येतो. ती धून ऐकून भल्याभल्या कर्नलांच्या गळ्यात आवंढा आलेला मी पाहिला आहे. पण ही धून मुळात मरणाची नाहीच. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश छावण्यांत ती रोज रात्री वाजायची. ऑर्डर्ली ऑफिसर पहारे तपासायला निघाला की 'फर्स्ट पोस्ट', शेवटचा पहारा तपासून झाला की 'लास्ट पोस्ट'. अर्थ एवढाच, की सगळे संत्री आपापल्या जागी आहेत, छावणी बंद झाली, आता झोपा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हीच रोजची धून कबरीपाशी वाजायला लागली. दूरच्या ठाण्यांवर पूर्ण बँड कुठून आणणार? पण बिगुलर प्रत्येक तुकडीत असायचाच.

बिगुलाला ना पडदे, ना छिद्रं. नुसत्या ओठांच्या ताणावर स्वर काढायचे. लास्ट पोस्ट आपल्या भाषेत सांगायची तर षड्ज, गंधार आणि पंचम एवढ्यावरच बेतलेली आहे. बाकीचे स्वर त्या नळीतून या धुनेसाठी निघतच नाहीत. तीन स्वरांत माणूस रडतो, तो सुरांमुळे कमी आणि सवयीमुळे जास्त. बेल्जियममधल्या ईपर शहरात मेनिन गेट नावाची कमान आहे. पहिल्या महायुद्धात तिथं लढून ज्यांचा मृतदेहही सापडला नाही, अशांची नावं तिच्यावर कोरली आहेत. त्यांत आपल्या हिंदुस्थानी पलटणींतल्या जवानांचीही नावं आहेत. १९२८ पासून रोज रात्री आठ वाजता तिथं लास्ट पोस्ट वाजते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी शहर घेतलं तेव्हा तेवढा खंड पडला, आणि १९४४ साली शहर सुटलं त्याच संध्याकाळी ती पुन्हा वाजली.

यादीतलं दुसरं नाव हँडेलच्या 'सॉल' या १७३९ च्या रचनेतल्या 'डेड मार्च'चं. त्यात सॉल राजा आणि त्याचा मुलगा जोनाथन एकाच रणात पडतात, आणि ही संथ चाल त्या बापलेकांसाठी वाजते. गंमत म्हणजे ती 'मेजर'मध्ये आहे. पाश्चात्त्य संगीतात दुःखासाठी सहसा वापरतात त्या 'मायनर'मध्ये नाही. पण तिला पूर्ण बँड हवा, आणि तो आम्हाला मिळण्यातला नव्हता.

तिसरं, 'अबाइड विथ मी'. इंग्लंडच्या किनाऱ्यावरचा पाद्री हेन्री फ्रान्सिस लाइट याने हे स्तोत्र शेवटच्या दुखण्यात १८४७ च्या सुमारास पुरं केलं आणि त्याच वर्षी तो गेला. आज आपण ऐकतो ती चाल मात्र विल्यम मंकची, १८६१ ची. त्या चालीचं नाव 'इव्हनटाइड', म्हणजे सांजवेळ. शब्दांचा आधार बायबलमधली एक साधी गोष्ट आहे. वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला दोघे शिष्य म्हणतात, दिवस मावळला, आता पुढे जाऊ नका, आमच्याकडेच थांबा. गांधीजींच्या आवडीचं म्हणून हे स्तोत्र बीटिंग रिट्रीटला वर्षानुवर्षं वाजलं. २०२२ मध्ये ते वगळून 'ऐ मेरे वतन के लोगों' आलं. त्याची चाल आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची. त्या बदलावरून आमच्या मेसमध्ये दोन तट पडले होते. मी कुठल्या तटात होतो ते सांगत नाही.

नऊला ऐझॉलला पोचलो. घर उतारावर, पुढच्या बाजूला रस्ता आणि मागच्या बाजूला दरी. अंगणात ताडपत्री ताणून बाकं मांडलेली. यंग मिझो असोसिएशनची पोरं कबर खणायला केव्हाच गेली होती. मिझोराममध्ये मयताच्या घरच्यांना काही करावं लागत नाही. १९३५ साली सुरू झालेली ही संस्था गल्लोगल्ली आहे, आणि खणण्यापासून रात्र जागवण्यापर्यंत सगळं शेजारपाजार उचलतो. घरात रात्रभर गाणं चाललं होतं. थांबलं नव्हतं.

मी माझी यादी घेऊन बसलो. बिगुलाचं नाव काढताच कोपऱ्यातली एक म्हातारी काही तरी ठामपणे बोलली. सुभेदार साहेबांची थोरली बहीण. शेजारच्या मुलानं हिंदीत सांगितलं, "आत्या म्हणते, बिगुल नको."

मी कारण विचारलं. उत्तर थोडक्यात आलं. १९६६ साली मिझो नॅशनल फ्रंटने उठाव केला, मार्चमध्ये ऐझॉलवर विमानांतून मारा झाला. पुढच्या वर्षापासून गावंच्या गावं उठवून रस्त्याकडेला वसवली गेली. आत्याचं गाव त्यातलंच. जवळच्या ठाण्यातला बिगुल वाजला की घरात जायचं, दार लावायचं. आणि त्याच काळात तिचा धाकटा भाऊ त्याच फौजेत भरती झाला होता. घरातली दोन माणसं दोन वर्षं त्याच्याशी बोलली नव्हती. करार १९८६ साली झाला, आज तिथं शांतता आहे, फौजेला मान आहे. पण कानांना करार समजत नाहीत.

मी गप्प बसलो. माझ्या गणवेशाबद्दल मला वीस वर्षांत कुणी इतक्या शांतपणे इतकं काही सांगितलं नव्हतं.

मग मी काकूंना विचारलं, "अंकल संध्याकाळी काय करायचे?" हे मी आधी विचारायला हवं होतं.

काकूंनी भिंतीकडे बोट केलं. तिथं खुआंग टांगलेला होता, म्हणजे लाकूड पोखरून दोन्ही तोंडं कातड्यानं मढवलेला मिझो ढोल. निवृत्त झाल्यापासून सुभेदार साहेब गल्लीतल्या प्रत्येक मयताच्या घरी जाऊन रात्रभर हा ढोल वाजवायचे. वीसेक वर्षं. मुलाला याचा पत्ता नव्हता. तो सुट्टीवर आला की बापलेक पेन्शनबद्दल, बदल्यांबद्दल आणि रस्त्यांबद्दल बोलायचे.

त्या ढोलाचीही गोष्ट आहे. ११ जानेवारी १८९४ रोजी लोरेन आणि सॅव्हिज हे दोन मिशनरी या डोंगरात आले. त्यांनी मिझो भाषेला रोमन लिपी दिली, स्तोत्रांची भाषांतरं केली. पुढे वेल्श मिशनऱ्यांनी चार सुरांतलं समूहगान शिकवलं. मिझो लोक त्यात आजही पटाईत आहेत. पण ढोल चर्चबाहेर राहिला, कारण तो जुन्या सणांचा आणि तांदळाच्या दारूचा सोबती. १९१९ च्या धर्मजागृतीनंतर लोकांनी आपल्या वळणाची गाणी रचली, संथ, एकसुरात गायची. पाटेआ आणि कामलाला ही त्यातली मोठी नावं. त्या गाण्यांबरोबर ढोल आत आला आणि आतच राहिला. शोकाच्या घरी बसून गायची गाणीही याच काळातली. म्हणजे उत्सवाचा ढोल देवळात आला आणि तिथून मयताच्या घरात.

पाच तासांच्या रस्त्यात मला जे दिसलं नव्हतं, ते त्या भिंतीकडे बघताना दिसलं. लास्ट पोस्ट रोजच्या रात्रीची. 'इव्हनटाइड' नावातच सांजवेळ. खुआंग सणासुदीचा. बहुतेक शेवटच्या धुना मरणासाठी जन्मलेल्याच नाहीत. ज्या आवाजानं माणसाचा दिवस संपायचा, त्याच आवाजानं लोकांनी त्याला निरोप दिला. म्हणून बापासाठी संगीत निवडायचं तर सर्वांत दुःखी धून कोणती, हे विचारून उपयोग नाही. त्याच्या संध्याकाळी कशा जायच्या, हे ठाऊक असावं लागतं. आणि आम्ही पोरं नेमके त्या संध्याकाळी घरी नसतो.

दुपारी एकला कोर्समेट आला. मी त्याला ढोलाचं सांगितलं. तो आत गेला, ढोल उतरवून घेतला आणि त्यावरची धूळ पुसू लागला. धूळ नव्हतीच, तरी पुसत राहिला.

बिगुलाचा निर्णय त्यानं आत्यावर सोडला. फक्त तिच्यापाशी जमिनीवर बसून मिझोत काही तरी सांगितलं. नंतर मला म्हणाला, "एवढंच सांगितलं की त्या धुनेचा अर्थ 'दार लावा' असा नाही. सगळे आपल्या जागी आहेत, आता निवांत झोप, असा आहे. आणि तिच्यानंतर लगेच सकाळची वाजते." आत्यानं विचार केला. मग म्हणाली, सकाळचीही वाजणार असेल तर वाजवा.

घरासमोर प्रार्थना झाली, गाणी ढोलावर झाली, ढोल गल्लीतल्या पोरानं वाजवला. सुभेदार साहेबांनीच त्याला शिकवलं होतं. दफनभूमीवर स्थानिक तुकडीतून आलेल्या एकट्या बिगुलरनं लास्ट पोस्ट वाजवली. मग शांतता, आणि मग 'राउझ', उठवणीची धून. आत्या शेवटपर्यंत उभी होती.

खरी गंमत रात्री झाली. दफनानंतरही शेजारी मयताच्या घरी गायला जमतात. त्यांत पलटणीतले चार म्हातारे होते. अकराच्या सुमारास त्यांच्यातला एक हळूच गुणगुणू लागला, 'बदलूराम का बदन'.

आसाम रेजिमेंट माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. ही पलटण १९४१ साली शिलाँगला उभी राहिली आणि तीन वर्षांत जेसामी आणि कोहिमाला जपान्यांशी भिडली. बदलूराम हा तिथं पडलेला एक रायफलमन. क्वार्टरमास्टरच्या हिशेबात त्याचं नाव कमी करायचं राहून गेलं आणि त्याचं रेशन येतच राहिलं. वेढा पडून रसद तुटली तेव्हा ते जादा रेशन जिवंतांच्या कामी आलं. १९४६ साली मेजर प्रॉक्टर यांनी यावर गाणं रचलं. चाल घेतली अमेरिकन यादवीतल्या 'जॉन ब्राउन्स बॉडी'ची. तेही मातीत गेलेल्या माणसाचंच गाणं. आज शिलाँगला रिक्रूट पास होताना हे गाणं नाचत म्हणतात.

मयताच्या घरात हे चालेल का, म्हणून मी काकूंकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. दुसऱ्या कडव्याला ढोल मिसळला. कोर्समेट त्या चार म्हाताऱ्यांच्या मधे उभा राहून गायला, आणि फोन आल्यापासून पहिल्यांदा रडला.

दुसऱ्या दिवशी परतताना घाटात रेंज आली तिथं गाडी थांबवली आणि घरी फोन लावला. आमचे आण्णा एसटीत चालक होते, आता वाईजवळच्या गावी असतात. रोज संध्याकाळी देवळात हरिपाठाला जातात. त्यांचं उत्तर मला माहीत आहे, असं मी धरून चाललो होतो.

"आण्णा, तुम्हाला सगळ्यात आवडती धून कोणती?"

"म्हणजे?"

"गाणं, भजन, काहीही."

ते थोडा वेळ थांबले. "सकाळी रेडिओ लागायच्या आधी ती धून वाजायची बघ. डेपोच्या कँटिनात. ती संपायच्या आत मी पहिली गाडी काढायचो."

आकाशवाणीची ती धून. नाझींच्या काळात युरोप सोडून मुंबईत आलेल्या वॉल्टर कॉफमन यांची रचना. मी ती हजारदा ऐकली असेन. आण्णांच्या संदर्भात एकदाही नाही.

"का रे, मधेच काय काढलंस?" आण्णा म्हणाले. "बरा आहेस ना? कुठं आहेस?"

"रस्त्यात आहे."

"मग पुढं बघून चालव. आणि दिवाळीला येणार असशील तर आधी कळव, तुझी आई फराळाचं त्या हिशेबानं करते."