टोळीनायकाचे दोन मृत्यू

हॉवर्ड हॉक्सच्या ‘स्कारफेस’ या अमेरिकन चित्रपटाचा नायक टोनी कामोन्ते दोनदा मरतो. एका प्रतीत पोलीस त्याला त्याच्या पोलादी झडपांच्या घरात कोंडतात. बहीण डोळ्यांदेखत गोळीला बळी पडते, तेव्हा त्याचा धीर सुटतो. तो गयावया करतो, मग एकाएकी रस्त्याकडे धाव घेतो आणि गोळ्यांनी विंधला जाऊन कोसळतो. वर एका प्रवासी कंपनीची विजेची पाटी उजळत असते, आणि सारे जग तुमचेच आहे असे ती येणाऱ्याजाणाऱ्यास सांगत असते. दुसऱ्या प्रतीत तो जिवंत पकडला जातो, न्यायाधीश त्यास प्रदीर्घ उपदेश करून शिक्षा फर्मावतात आणि सरकारी फासावर त्याचा अंत होतो. गुन्हेगाराचा नाश दोन्हीकडे सारखाच अटळ आहे. मग दुसऱ्या शेवटाचा खटाटोप कशासाठी करावा लागला? हा प्रश्न वरवर पाहता चित्रपटगृहापुरता वाटतो. वस्तुतः तो वाङ्मयविचाराचा जुना प्रश्न आहे. कलाकृतीतील नीती तिच्या घडणीत असते, की शेवटी कोणीतरी पुढे येऊन केलेल्या भाषणात?

या चित्रपटांचा उगम दारूबंदीत आहे. जानेवारी १९२० मध्ये अमेरिकेत घटनादुरुस्तीने मद्याची निर्मिती व विक्री बंद झाली आणि तहान मात्र होती तशीच राहिली. ती भागविणारा चोरटा व्यापार शिकागोसारख्या शहरांत टोळ्यांच्या हाती गेला. अल कपोनचे नाव मंत्र्यांच्या नावांपेक्षा अधिक वेळा छापले जाऊ लागले, आणि १४ फेब्रुवारी १९२९ रोजी एका गॅरेजच्या भिंतीशी सात माणसे उभी करून मारली गेली, तेव्हा वृत्तपत्रांनी त्या घटनेची जणू आख्यायिकाच केली. पटकथालेखक बेन हेक्ट हा शिकागोच्याच पत्रांतून बातमीदारी केलेला. त्याच्या कथेवरून योझेफ फॉन स्टर्नबर्गने १९२७ मध्ये ‘अंडरवर्ल्ड’ हा मूकपट काढला. दिग्दर्शकाने त्यात भावुकता मिसळल्यामुळे हेक्ट इतका चिडला की, आपले नाव वगळावे अशी त्याने मागणी केली; पुढे त्याच कथेसाठी अमेरिकन चित्रपट अकादमीच्या पहिल्या पारितोषिक समारंभात त्याचा गौरव झाला. नाव वगळले गेले असते तर तो गौरव कोणाचा झाला असता, हा विचार बाजूस ठेवू.

मूकपटाला जे साधले नव्हते ते बोलपटाने साधले. मशीनगनचा खडखडाट, वळणावर मोटारीच्या चाकांची किंकाळी, आणि याहून महत्त्वाचे म्हणजे गल्लीतील भाषा. डब्ल्यू. आर. बर्नेटची ‘लिटल सीझर’ ही कादंबरी १९२९ ची. तीत निवेदकाने गुन्हेगाराकडे सभ्य समाजाच्या गच्चीवरून पाहिलेले नाही. कथा त्यांच्याच तुटक, कोरड्या बोलीत चालते. तिच्यावरील मर्व्हिन लरॉयचा चित्रपट जानेवारी १९३१ मध्ये लोकांपुढे आला आणि एडवर्ड जी. रॉबिन्सन हा नट एकदम प्रसिद्धीस चढला. रॉबिन्सनचा जन्म बुखारेस्टमधला, ज्यू कुटुंबातला. ‘स्कारफेस’चा नायक पॉल म्युनी हा लेंबर्ग येथे जन्मून यिद्दिश रंगभूमीवर वाढलेला. दोघांनीही इटालियन टोळीनायक रंगविले. परदेशातून आलेल्यांच्या मुलांनी परदेशातून आलेल्यांच्याच दुसऱ्या मुलांची शोकांतिका उभी केली, आणि ती पाहून थरारणाऱ्या प्रेक्षकवर्गातही असेच लोक मोठ्या संख्येने होते.

‘लिटल सीझर’मधील रिको मरतो तो पोलिसांच्या चातुर्याने नव्हे, स्वतःच्या अहंकाराने. सत्ता गमावून तो एका भिकार निवाऱ्यात दारू पीत पडलेला असतो. तेथे कोणीतरी वृत्तपत्र मोठ्याने वाचते, आणि रिको भेकड होता असे एका पोलीस अधिकाऱ्याचे मत त्यात छापलेले असते. ते ऐकून तो बेभान होतो आणि त्या अधिकाऱ्यास दूरध्वनी करून शिव्या देतो. दूरध्वनीचा माग काढीत पोलीस येतात. एका प्रचंड जाहिरातफलकाच्या आड तो गोळ्यांनी कोसळतो, आणि त्या फलकावर असते त्याच्या जुन्या मित्राच्या नृत्यप्रयोगाची जाहिरात. हा मित्र त्याच्याबरोबरच शहरात आला होता, पण कलेकडे वळला. दोन आयुष्यांचा हिशेब लरॉयने एका लाकडी फलकाच्या दोन बाजूंवर मांडला आहे. कीर्तीच्या लोभाने वर चढलेला मनुष्य अपकीर्तीच्या चार ओळी सोसू शकला नाही, हे येथे कोणास समजावून सांगावे लागत नाही.

विल्यम वेलमनचा ‘द पब्लिक एनिमी’ त्याच वर्षीचा, एप्रिलमधला. यातील टॉम पॉवर्सची भूमिका प्रथम एडवर्ड वुड्सला दिली होती. चित्रीकरण सुरू झाल्यावर ती जेम्स कॅग्नीकडे आली, आणि एक नवाच देहधर्म पडद्यावर अवतरला. उभे राहतानाही अस्वस्थ, प्रेमातही मुष्टियोद्ध्यासारखा. न्याहारीच्या मेजावर अर्धे ग्रेपफ्रूट तो मे क्लार्कच्या तोंडावर रगडतो, ते दृश्य तेवढेच अनेकांना आठवते, आणि हा त्या चित्रपटावर अन्याय आहे. त्याचे खरे मर्म घरात आहे. भाबडी आई, युद्धावरून परतलेला सरळमार्गी थोरला भाऊ, आणि जेवणाच्या मेजावर मधोमध ठेवलेले बिअरचे पिंप, ज्यामुळे भावांना एकमेकांची तोंडे दिसेनाशी होतात. शेवटी टॉम रुग्णालयातून घरी येणार म्हणून आई त्याची खोली आवरीत असते, ग्रामोफोन वाजत असतो, दार ठोठावले जाते आणि दारात उभे असते पट्ट्यांत गुंडाळलेले प्रेत. ते तोंडघशी आत पडते. ग्रामोफोन वाजतच राहतो. ‘दीवार’ (१९७५) पाहिलेल्या भारतीय प्रेक्षकाला आई आणि दोन वाटांचे दोन भाऊ ही मांडणी ओळखीची वाटेल. अर्थात तेथे थोरला बिघडतो, आणि ती कथा ‘गंगा जमना’च्या अधिक जवळची आहे. एवढे असूनही निर्मात्यांना धीर नव्हता. परिस्थितीचे प्रामाणिक चित्रण करणे हा आपला हेतू असून गुंडाचा गौरव करणे हा नव्हे, असे प्रास्ताविक त्यांनी चित्रपटाच्या माथी चिकटविलेच.

हे भय निराधार नव्हते. चित्रपट हा निव्वळ धंदा आहे, त्यास अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये दिला होता. न्यूयॉर्क, ओहायो, पेनसिल्व्हेनिया अशा राज्यांची स्वतंत्र सेन्सॉर मंडळे होती आणि कोणत्याही राज्याचा नकार म्हणजे लक्षावधी डॉलरांचे नुकसान. त्यातून सुटका व्हावी म्हणून चित्रव्यवसायाने १९३० मध्ये स्वतःच एक नीतिसंहिता स्वीकारली. ती लिहिली जेझुइट पाद्री डॅनियल लॉर्ड आणि प्रकाशक मार्टिन क्विग्ली या दोघांनी. अंमलबजावणी विल हेजच्या कार्यालयाकडे. गुन्हेगाराविषयी सहानुभूती उत्पन्न होऊ नये, हा तिचा एक आग्रह.

‘स्कारफेस’ या संहितेच्या कचाट्यात सापडला. निर्माता होता हॉवर्ड ह्यूज, लेखकांत हेक्ट आणि बर्नेट. कपोनच्या जागी बोर्जिया घराणे कल्पून ते शिकागोत आणून बसवावे, ही हॉक्सची मूळ कल्पना. म्हणूनच टोनीच्या बहिणीवरील प्रेमात भावाच्या मायेपलीकडचे काहीतरी काळेकुट्ट आहे. जेथे जेथे खून होतो तेथे सावलीत, कौलांत, खेळाच्या गुणपत्रिकेत कोठेतरी फुलीचे चिन्ह दिसते. वृत्तपत्रांच्या छायाचित्रांत प्रेताची जागा फुलीने दाखविण्याची जी रीत होती, तीच हॉक्सने मृत्यूची मुद्रा केली. असे सूक्ष्म काम ज्यात आहे त्या चित्रपटास ‘राष्ट्राची लाज’ या अर्थाचे उपशीर्षक जोडण्यात आले. प्रतिष्ठित नागरिक वृत्तपत्रमालकाकडे येतात आणि तो त्यांना, म्हणजे प्रेक्षकांना, कायदे कडक करा असे बजावतो, असा एक प्रसंगही घुसडण्यात आला. तो हॉक्सने चित्रित केलेला नाही, आणि चित्रपटाच्या ओघात तो दगडासारखा लागतो.

फासावरचा शेवट तर याहून विलक्षण. त्या चित्रीकरणासाठी म्युनी उपलब्ध नव्हता. न्यायाधीश ज्याला उद्देशून बोलतात त्या टोनीचा चेहराच दिसत नाही. वधस्तंभाकडे जातो तो कोणी बदली मनुष्य. नायकाविनाच नायकाचा अंत! सहानुभूती काढून टाकण्याचा हा उपाय शब्दशः यशस्वी झाला म्हणावयाचा, कारण जिच्याविषयी काही वाटावे अशी व्यक्तीच उरली नाही.

अत्यंत दुष्ट मनुष्याचे पतन पाहून न्यायबुद्धीचे समाधान होईल, परंतु करुणा व भीती जागृत होणार नाहीत, असे ॲरिस्टॉटल सांगून गेला. न्यायाधीशांचा शेवट या पहिल्या अर्ध्यापाशी थांबतो. परंतु शेक्सपिअरने ‘मॅक्बेथ’मध्ये या नियमाची परीक्षा पाहिली होती, आणि ‘मानाजीराव’पासून ‘राजमुकुट’पर्यंत मराठी रंगभूमीनेही तो अनुभव घेतला आहे. खुनी राजाविषयी सहानुभूती वाटते म्हणून खून प्रिय होत नाही. उलट आपल्याही अंतरी तीच शिडी उभी आहे हे जाणवते आणि भीती तेथून उपजते. रॉबर्ट वॉर्शो या टीकाकाराने १९४८ मधील आपल्या निबंधात टोळीनायकास शोकनायक म्हटले, त्याचे कारण हेच. ज्या समाजात यशस्वी होणे हे प्रत्येकाचे कर्तव्य मानले जाते तेथे यश मनुष्यास गर्दीतून वेगळे काढते, आणि वेगळा पडलेला मनुष्य मारला जातो. हॉक्सची विजेची पाटी हे सारे मुक्यानेच सांगते. न्यायाधीशांच्या भाषणात गुन्हा टोनीचा एकट्याचा ठरतो आणि प्रेक्षक निर्दोष होऊन घरी जातो. म्हणजे अधिक सोयीस्कर, आणि म्हणून कमी नैतिक, शेवट सेन्सॉरांचा होता.

व्यवहारातही तो फसला. एवढे करूनही न्यूयॉर्कच्या मंडळाने प्रथम नकारच दिला. तेव्हा ह्यूजने हट्टाने, जेथे सेन्सॉर नव्हते अशा राज्यांत हॉक्सचाच शेवट दाखविण्यास आरंभ केला. कपोन तोवर शिक्षा भोगू लागला होता; १९३१ मध्ये तो दोषी ठरला तो खुनांसाठी नव्हे, आयकर बुडविल्याबद्दल. वास्तवाने योजलेला हा शेवट कोणत्याही पटकथालेखकाने नाकारला असता. डिसेंबर १९३३ मध्ये दारूबंदी उठली, १९३४ मध्ये जोसेफ ब्रीनच्या हाती संहितेची कडक अंमलबजावणी आली, आणि १९३५ च्या ‘जी मेन’मध्ये तोच कॅग्नी, तीच चपळाई, तीच बंदूक घेऊन सरकारी अधिकारी झाला.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ चा निर्णय १९५२ मध्ये फिरविला. आपल्याकडील सिनेमॅटोग्राफ अधिनियम नेमका त्याच वर्षाचा आहे. आणि ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात १९७० मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने पूर्वपरीक्षण वैध ठरविले, तरी विषय कोणता यापेक्षा कलावंताने तो कसा हाताळला हे पाहिले पाहिजे, असेही बजावले. ह्यूजने पुढे ‘स्कारफेस’ लोकांच्या दृष्टीआड ठेवला. १९७६ मध्ये तो वारला, त्यानंतर १९७९ मध्ये चित्रपट पुन्हा पडद्यावर आला. १९८३ मध्ये ब्रायन डी पाल्माने तीच कथा मायामीत नेली आणि चित्रपट हॉक्स व हेक्ट यांना अर्पण केला. त्यातील टोनी आपल्याच हवेलीच्या कारंज्यात मरून पडतो. त्याच्या वर एक पृथ्वीगोल असतो, आणि १९३२ च्या पाटीवरचे शब्द त्या गोलाभोवती उजळत असतात.