तोरण्याचं बादशाही नाव आणि हो-नाहीचा हिशेब

वेल्ह्यात एसटीतून उतरलं की समोर तोरणा. शिवाजी महाराजांनी त्याला प्रचंडगड हे नाव दिलं, ते मुलांना पाठ असतं. १७०४ मध्ये औरंगजेबाने गड घेतला आणि त्याचं नाव फुतुहुलगैब ठेवलं, हे फारसं कुणाला आठवत नाही. गैब म्हणजे नजरेआड असलेलं, आणि फुतुहुलगैब म्हणजे त्या गैबातून लाभलेला विजय. प्रत्यक्षात बादशहाची माणसं रात्री दोराच्या शिड्या लावून कडा चढली होती. नावात शिडी नाही, गैब आहे.

हा शब्द आपल्या घरांतही वावरतो. दागिना हरवला, मुलीचं लग्न जमेना, आखातातली नोकरी लांबली की कुणीतरी रमल पाहणाऱ्याचं नाव सुचवतं. गैबचं ज्ञान अल्लाहशिवाय कुणाला नाही, हे मानणारी माणसंच तिथे पैसे मोजून येतात. वास्तविक रमल बेतलेलं आहे अगदी साध्या गणितावर. न मोजता वाळूत टिंबं मारायची आणि ओळीतली टिंबं सम की विषम एवढंच पाहायचं. एका आकृतीला अशा चार ओळी. प्रत्येक ओळीला दोनच शक्यता, म्हणून एकूण आकृत्या सोळा. इथपर्यंत सगळं बरोबर आहे. त्या सोळांपैकी एक आकृती आपल्या जावयाबद्दल काही सांगते, हे मात्र गणितात बसत नाही.

मराठीच्या तासाला मी हाच हिशेब गणांवर करून घेतो. तीन अक्षरांचा गण, प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू, म्हणून गण आठ. एका मुलाने मनात गण धरायचा. बाकीच्यांनी तीनच प्रश्न विचारायचे: पहिलं लघु आहे का? दुसरं? तिसरं? हो, नाही, हो असं आलं की जगण. चौथा प्रश्न लागतच नाही.

हा खेळ काही माझा नाही. दोन हजार वर्षांहून जुन्या पिंगलाच्या छंदशास्त्रात याचीच उलटी रीत आहे. तिला 'नष्ट' म्हणतात, म्हणजे हरवलेली ओळ शोधणं. गणांची यादी ठराविक क्रमाने मांडली आणि त्यातली सहावी ओळ पुसली गेली, तर ती कोणती होती? सहा सम आहे का? हो. मग लघु लिहा, निम्मे करा, आले तीन. तीन सम? नाही. मग गुरू लिहा, एक मिळवून निम्मे करा, आले दोन. सम आहे, पुन्हा लघु. लघु, गुरू, लघु: जगण परत मिळाला. १०३० च्या सुमारास अल-बिरुनीने हिंदुस्थानावरच्या आपल्या अरबी ग्रंथात हे लघु-गुरू समजावून सांगितले आणि अरबी अरूजशी ताडून पाहिले. उर्दू शेराची बहर शिकवतानाही आम्ही तेच करतो.

चौदाव्या शतकात इब्न खल्दूनने 'मुकद्दमा'मध्ये असल्या गैबी विद्यांचा समाचार घेताना एक कोडं दिलंय. हवे तेवढे दिरहम घ्या. प्रत्येक दिरहमाशेजारी तीन फल्स, म्हणजे तांब्याची नाणी, ठेवा. सगळ्या फल्सची मिळून एक कोंबडी घ्या आणि त्याच भावाने सगळ्या दिरहमांच्या कोंबड्या घ्या. तुमच्याकडे नऊ कोंबड्या झाल्या! ऐकणारा चाट पडतो, कारण दिरहम किती ते त्याने सांगितलेलंच नसतं. पण एका दिरहमाचे फल्स २४, म्हणजे तीन फल्स हा आठवा हिस्सा. आठ कोंबड्या दिरहमांच्या आणि एक फल्सची. दिरहम पाच असोत की पाचशे. इब्न खल्दूनचं म्हणणं असं की, उत्तर आकड्यांच्या नात्यातच असतं, पण पहिल्या झटक्याला माणसाला ते गैब वाटतं.

वीस हो-नाहींत दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर शक्यतांमधून नेमकी एक निवडता येते. गणिती स्टॅनिस्लॉ उलामने १९७६ मध्ये त्यात पाचर मारली: उत्तर देणारा एखाद वेळी खोटं बोलला तर किती प्रश्न लागतील? दहा लाखांपर्यंतच्या संख्येला एक खोटं उत्तर चालणार असेल, तर पंचवीस पुरतात, असं पुढे सिद्ध झालं.

रमलवाल्यापुढे बसलेला माणूस खोटंही बोलत नाही. "घरातलंच कुणी आहे का?" हो. "बाई?" नाही. "थोरला?" मान हलते. चौथ्या प्रश्नाआधी तो स्वतःच भावाचं नाव सांगून टाकतो आणि बाहेर येऊन म्हणतो, त्यांनी न सांगता ओळखलं.