आनुवंशिक कर्करोग प्रवणता

आनुवंशिक कर्करोग प्रवणता म्हणजे आई किंवा वडिलांकडून मिळालेल्या सदोष जनुकामुळे कर्करोग होण्याची वाढलेली शक्यता. वारशाने रोग येत नाही, त्याची जोखीम येते. एकूण कर्करोगांपैकी सुमारे ५ ते १० टक्के कर्करोगांमागे असे कारण असते.

बीआरसीए-१ व बीआरसीए-२ ही यांतील सर्वाधिक परिचित जनुके अनुक्रमे १९९४ व १९९५ साली ओळखली गेली. तुटलेल्या डीएनएची दुरुस्ती हे त्यांचे कार्य होय. बीआरसीए-१ सदोष असल्यास स्त्रीला वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के, तर अंडाशयाचा कर्करोग होण्याची सुमारे ४४ टक्के असते. लिंच सिंड्रोममध्ये मोठे आतडे व गर्भाशय यांच्या कर्करोगाची जोखीम वाढते.

हा दोष प्रत्येक अपत्याकडे, मुलगा असो वा मुलगी, जाण्याची शक्यता ५० टक्के असते. वडील स्वतः निरोगी राहूनही तो मुलीला देऊ शकतात. म्हणून आत्याचा आजार मावशीच्या आजाराइतकाच महत्त्वाचा ठरतो. विवाहानंतर स्त्रीचे आडनाव व गाव बदलत असल्याने एकाच रक्ताचे रुग्ण निरनिराळ्या घराण्यांतील भासतात आणि हा दुवा सहज निसटतो.

वर्धा जिल्ह्यातील स्थिती

वर्धा जिल्ह्याची लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत (स्थापना १९६९) होते. अशा नोंदणीतून रुग्णाचे वय, लिंग, वास्तव्य व कर्करोगाचा प्रकार कळतो. घराण्याचा इतिहास मात्र रुग्णाला विचारूनच मिळवावा लागतो.

एका घरात अनेक रुग्ण असणे हा आनुवंशिकतेचा पुरावा नव्हे. विदर्भात तंबाखू, सुपारी व चुना घोटून केलेला खर्रा सर्रास खाल्ला जातो. बापलेकांना तोंडाचा कर्करोग झाल्यास वारसा बहुधा जनुकाचा नसून सवयीचा असतो. याउलट तरुण वयातील किंवा दोन्ही स्तनांतील कर्करोग, पुरुषातील स्तनाचा कर्करोग, तसेच एकाच बाजूच्या नात्यात स्तन व अंडाशयाचे कर्करोग आढळल्यास जनुकीय समुपदेशन आवश्यक ठरते. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर (नवी मुंबई) येथील संस्थेत ही सोय आहे.

चाचणी

रक्ताची चाचणी शक्यतो प्रथम कर्करोग झालेल्या व्यक्तीची करतात. कधीकधी अर्थ निश्चित न झालेला जनुकीय बदल सापडतो. केवळ त्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला जात नाही. घराण्यातील दोष निश्चित झाल्यावर तो ज्या नातेवाइकात आढळत नाही, त्याची त्या दोषापुरती जोखीम सर्वसामान्यांइतकीच मानली जाते.