वाळूवर ताणलेली दोरी

पावसाळा सरला की किनाऱ्यावरच्या आपल्या बाया कशा कामाला लागतात, ते आम्ही दरवर्षी बघतो. खळं चोपायचं, मांडव घालायचा, गंजलेले पत्रे बदलायचे, गाद्या उन्हात टाकायच्या, हंडे घासायचे. दिवाळीला पाहुणे यायच्या आत सगळं जागच्या जागी हवं. ज्या गटांनी घरगुती खाणावळ किंवा मुक्कामाच्या खोल्या चालवायला घेतल्या आहेत, त्यांना वर्षाची कमाई याच काही महिन्यांत काढायची असते. हंगाम हुकला की वर्ष हुकलं.

आज आम्ही गोष्ट सांगणार आहोत ती अशाच एका किनाऱ्यावरच्या बाईची. ती आपल्याकडची नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, लॉस एंजेलिस शहराजवळ मॅनहॅटन बीच नावाचं गाव आहे, तिथली. तिचं नाव विला ब्रूस. ती कृष्णवर्णीय होती. ज्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून अमेरिकेत आणलं, त्या समाजातली. गुलामी कायद्याने १८६५ सालीच संपली होती, पण गोऱ्यांच्या हॉटेलात, तलावात, किनाऱ्यावर या लोकांना जागा नव्हती. समुद्र समोर दिसायचा, पण त्यात पाय बुडवायची चोरी.

विलाचा नवरा चार्ल्स आगगाडीच्या भोजनाच्या डब्यात आचारी होता. म्हणजे तो महिन्यातले बरेच दिवस फिरतीवर. १९१२ साली विलाने मॅनहॅटन बीचला समुद्रासमोरचा एक तुकडा १,२२५ डॉलरला विकत घेतला. कागदावर नाव तिचं. धंदा सांभाळणारीही तीच. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

त्या उन्हाळ्यात तिने जे सुरू केलं ते अगदी लहान होतं. एक छोटी लाकडी खोली, त्यात सोडा आणि जेवण विकायची सोय. कपडे बदलायला दोन तंबू, अंघोळीला गोड्या पाण्याचे फवारे, आणि भाड्याने द्यायला पोहण्याचे ५० पोशाख. तिकडचा हंगाम म्हणजे जून ते ऑगस्ट. आपल्याकडे तेव्हा समुद्र बंद असतो, तिकडे मात्र ऊन असतं आणि शाळांना सुट्टी असते. रविवारी लॉस एंजेलिसहून कृष्णवर्णीय कुटुंबं डबे बांधून, पोरंबाळं घेऊन यायची. त्यांच्यासाठी असं ठिकाण त्या किनाऱ्यावर दुसरं नव्हतं.

खाऱ्या वाऱ्याशी संसार करणाऱ्या बाईला या कामाचा अंदाज सहज येईल. खारं पाणी लोखंड खातं, लाकूड फुगवतं, तंबूचं कापड कुजवतं. त्या काळचे पोहण्याचे पोशाख बहुतेक लोकरीचे असत. ते दर वेळी गोड्या पाण्यात खळबळून सुकवले नाहीत तर दुसऱ्या हंगामाला उरायचे नाहीत. वाळू रोज झाडा, रोज परत येते. अशा धंद्यात हंगामाआधीची डागडुजी चुकवता येत नाही.

विलाचा धंदा वाढला. १९२० साली तिने शेजारचा तुकडाही घेतला. पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथे मोठी इमारत उभी राहिली. त्यात जेवणाची खोली होती, नाचगाण्याची जागा होती, कपडे बदलायच्या खोल्या होत्या. लोक त्या जागेला ब्रूसचा किनारा म्हणू लागले. आजूबाजूला आणखी काही कृष्णवर्णीय कुटुंबांनी उन्हाळ्यासाठी लहान घरं बांधली.

आता दुसरी बाजू ऐका.

पहिल्याच वर्षी शेजारच्या गोऱ्या जमीनदारांनी विरोध सुरू केला. विलाच्या जागेसमोरची समुद्राकडची पट्टी ज्याच्या मालकीची होती, त्याने ती दोरी लावून अडवली आणि ‘आत येऊ नये’ अशा पाट्या ठोकल्या. पाहुण्यांना समोर दिसणाऱ्या पाण्यापर्यंत जायला अर्धा मैल वळसा पडायचा. ते वळसा घालून गेले. विलाने तेव्हाच एका वर्तमानपत्राच्या बातमीदाराला सांगितलं होतं की, आम्ही जिथे जिथे किनाऱ्याची जमीन मागितली तिथे नकार मिळाला, पण ही जागा माझी आहे आणि मी ती सोडणार नाही.

मग त्रास वाढला. पाहुण्यांच्या गाड्यांच्या चाकांतली हवा सोडायची. दहा मिनिटांपेक्षा जास्त गाडी लावू नये अशा खोट्या पाट्या लावायच्या. गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणारी कु क्लक्स क्लॅन नावाची संघटना तेव्हा जोरात होती. विलाच्या इमारतीच्या ओट्याखाली गादी पेटवून आग लावायचा प्रयत्नही झाला. तरी पुढचा उन्हाळा आला की लोक येतच होते.

हे एका गावापुरतं नव्हतं. त्याच किनाऱ्यावर वर सांता मोनिका नावाचं शहर आहे. तिथे १९२२ साली कृष्णवर्णीय गुंतवणूकदारांनी एकत्र येऊन समुद्राकाठी विश्रामस्थान बांधायचं ठरवलं. गोऱ्या रहिवाशांनी संघटना करून ते अडवलं. चार वर्षांनी, १९२६ साली, त्याच भागात कासा देल मार नावाचा भलामोठा क्लब उभा राहिला. सभासदांसाठी खासगी, आणि सभासद गोरे. म्हणजे क्लबला कुणाची हरकत नव्हती. कुणाचा क्लब, एवढाच प्रश्न होता.

त्याहून खाली, हंटिंग्टन बीच गावाजवळ, कृष्णवर्णीयांनी आपला स्वतःचा सभासदांचा क्लब बांधायला घेतला. त्याचं नाव पॅसिफिक बीच क्लब. स्नानगृह, नाचघर, भोजनगृह अशी सगळी योजना. लोकांनी सभासदत्वाचे पैसे भरले होते. उद्घाटन ठरलं होतं १२ फेब्रुवारी १९२६ ला. गुलामी संपवणाऱ्या अब्राहम लिंकनचा तो जन्मदिवस. बांधकाम संपत आलं होतं. २१ जानेवारीला, तीन आठवडे उरले असताना, सगळं जळून खाक झालं. क्लब पुन्हा उभा राहिला नाही. हंगामाची तयारी करणाऱ्यांना हंगाम बघायलाच मिळाला नाही.

मॅनहॅटन बीचला मात्र आगीची गरज पडली नाही. तिथे कागद वापरला.

१९२४ साली गावच्या नगर परिषदेने ठराव केला की समुद्रासमोरचे दोन ठोकळे गावाला बागेसाठी हवेत. आपण ज्याला भूसंपादन म्हणतो, तेच हे. सार्वजनिक कामासाठी सरकार खासगी जमीन मोबदला देऊन घेऊ शकतं. त्या जागेत ब्रूस कुटुंबाची इमारत होती आणि आणखी चार कृष्णवर्णीय कुटुंबांची घरं होती. किनाऱ्यावर नवी स्नानगृहं, कपडे बदलायचे तंबू यांना बंदी घालणारे नियमही आले. म्हणजे इथून उठून पलीकडे नवा धंदा मांडायची वाटही बंद.

ब्रूस कुटुंबाने जमीन आणि नुकसान मिळून १,२०,००० डॉलर मागितले. खटला काही वर्षं चालला. १९२७ पर्यंत इमारती पाडल्या गेल्या. १९२९ साली त्यांच्या हातात पडले १४,५०० डॉलर. विला आणि चार्ल्स लॉस एंजेलिसला गेले आणि दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात राबले. मालकीण होती ती पुन्हा नोकरीला लागली. पुढच्या काही वर्षांत दोघंही वारले.

आणि बाग? बागेसाठी ती जागा इतकी तातडीने हवी होती, तर झाडं लावली असतील ना? नाही. जागा कितीतरी वर्षं तशीच रिकामी पडून राहिली. १९४० च्या दशकात त्या वेळच्या परिषदेतल्या एका माजी सदस्याने छापील लेखात कबूलच केलं की, कृष्णवर्णीयांचं विश्रामस्थान काढणं हाच हेतू होता.

सख्यांनो, इथे आमच्या मनात दोन शब्द अडकले. ‘खासगी’ आणि ‘सार्वजनिक’. विलाची जागा खासगी होती, रीतसर विकत घेतलेली. ती ‘सार्वजनिक’ कामाच्या नावाने गेली. बरं, मग उरलेला किनारा तरी सार्वजनिक? तेही नाही. १९२७ साली नगर परिषदेने तो किनारा वर्षाला एक डॉलर भाड्याने एका माणसाला देऊन टाकला. आता तो ‘खासगी’ झाला. मग पाट्या लागल्या. त्या उन्हाळ्यात एलिझाबेथ कॅटली नावाची १९ वर्षांची कॉलेजातली मुलगी पोहायला उतरली म्हणून तिला पकडलं आणि ओल्या कपड्यांतच काही तास कोठडीत ठेवलं. मग कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेचे लोक ठरवून पाण्यात उतरले आणि अटक करवून घेतली. प्रकरण अंगाशी येतंय असं दिसल्यावर परिषदेने तो भाडेकरार रद्द केला. जमीन गेली होती, पण पाणी सगळ्यांना मोकळं झालं.

१९२७ म्हटल्यावर तुमच्यातल्या बऱ्याच जणींना दुसरी जागा आठवली असेल. महाडचं चवदार तळं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह त्या तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. तेही तळं कागदावर मोकळंच होतं. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तसा ठराव केला होता, पण ठराव कागदावरच होता. सत्याग्रहानंतर विरोधक कोर्टात काय म्हणाले, ठाऊक आहे? तळं खासगी आहे, म्हणाले. डिसेंबर १९२७ मध्ये त्यांनी तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. मुंबई उच्च न्यायालयाने शेवटी निकाल दिला तो १९३७ च्या मार्चमध्ये. तळं खासगी नाही, सगळ्यांचं आहे. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं.

कॅलिफोर्नियातल्या लोकांना महाड ठाऊक नव्हतं, महाडच्या लोकांना मॅनहॅटन बीच ठाऊक नव्हतं. पण अडवणाऱ्यांनी दोन्हीकडे तोच शब्द शोधून काढला.

विलाची गोष्ट बरीच वर्षं झाकलेली राहिली. १९५६ साली त्याच भागातल्या एका गोऱ्या शिक्षकाने या जमिनींवर प्रबंध लिहिला, जुन्या लोकांशी बोलून, कागद शोधून. तो कागद पुढच्यांना कामाला आला. २००७ साली तिथल्या बागेला पुन्हा ब्रूसचं नाव मिळालं. २०२० साली केव्हॉन वॉर्ड नावाच्या एका कृष्णवर्णीय बाईने त्या बागेत लोकांना सहलीला बोलावलं आणि पाटीवरच्या नावावर न थांबता जमीन परत मागितली. ही जमीन तोवर स्थानिक जिल्हा सरकारकडे, म्हणजे लॉस एंजेलिस काउंटीकडे होती. ती देता यावी म्हणून २०२१ साली राज्याने खास कायदा केला. जुलै २०२२ मध्ये विलाच्या वंशजांच्या हातात मालकीचा कागद आला. काउंटीने ती जागा त्यांच्याकडून भाड्याने घेतली, आणि २०२३ च्या जानेवारीत कुटुंबाने ती जवळजवळ दोन कोटी डॉलरला काउंटीला विकायचं ठरवलं.

काही लोक म्हणाले, विकायची होती तर भांडले कशाला? आमच्या गटात हा प्रश्न निघाला तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “विकायची की ठेवायची, हे ठरवणं म्हणजेच मालकी. विलाला तेच ठरवू दिलं नव्हतं.” आम्हाला ते पटलं. अर्थात, शंभर वर्षांचे हंगाम कुणालाच परत देता येत नाहीत. विला जिवंत असताना मिळाली असती ती भाकरी निराळी होती.

आता आपल्या दाराशी या. भरतीचं पाणी जिथवर येतं, तिथून खालची वाळू कॅलिफोर्नियात जनतेची मानतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ साली बियास नदीकाठच्या एका मोटेलच्या खटल्यात सांगितलं की, नद्या, समुद्रकिनारे, जंगलं यांचं सरकार विश्वस्त आहे आणि ती कुणाच्या खासगी फायद्यासाठी देऊन टाकता येत नाहीत. ही ओळ पाठ करून ठेवण्यासारखी आहे. उद्या आपल्या वाळूवर कुणी दोरी ताणली, मासे वाळत घालायच्या जागी पाटी लावली, तर कुठून बोलायला सुरुवात करायची ते कळेल.

आणि या हंगामाची तयारी करताना पत्रे, मांडव, गाद्या यांच्या यादीत आणखी एक काम घाला. ज्या जागेत तुम्ही धंदा करता तिचा सातबारा किंवा भाडेकरार काढून बघा. त्यावर कुणाचं नाव आहे? तुमचं नसेल तर का नाही, हे घरात बसून बोला. गटाच्या नावाने करार असेल तर त्याची प्रत कपाटात आणि एक प्रत दुसरीच्या घरी ठेवा. ग्रामसभेत ‘सार्वजनिक कामासाठी’ असा ठराव आला तर कुठलं काम, कधी सुरू होणार आणि कुणाची जागा जाणार, हे तिन्ही विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. विलाकडे कागद होता, तरी जमीन गेली. हे खरं आहे. पण शंभर वर्षांनी जमीन मागायची वेळ आली तेव्हा हात टेकायला तोच कागद होता, आणि त्यावर एका बाईचं नाव होतं.

पाहुणे यायला अजून थोडे दिवस आहेत. खळं चोपून झालं की संध्याकाळी तो कागद बाहेर काढा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.