पावतीने घडवलेले यंत्र

लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांत गाडी बुटकी करण्याची हौस दुसऱ्या महायुद्धानंतर फोफावली. उपाय गावठीच होते: डिकीत वाळूची पोती टाकायची, नाहीतर स्प्रिंगचे वेढे कापायचे. पण कापलेली स्प्रिंग काही पुन्हा वाढत नाही. आणि 1958 पासून कॅलिफोर्नियात गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेखाली आला की पोलिसांना पावती फाडायची मुभा मिळाली. गाड्यांचे हौशी रॉन अगिरे यांनी 1959च्या सुमारास आपल्या कॉर्व्हेटला विमानांच्या जुन्या सामानातले हायड्रॉलिक पंप बसवले, ते या कचाट्यातून सुटायला. कळ दाबली की पंप सिलिंडरमध्ये तेल ढकलतो आणि गाडी उचलली जाते. झडप उघडली की तेल टाकीत परत, गाडी रस्त्याला टेकायला आलेली. तेव्हा हे सस्पेन्शन इथे रुजवले ते बंदीनेच, असे माझे मत आहे.

फ्रान्सच्या सित्रोएन डीएसमध्ये उंची बदलण्याची सोय 1955 सालीच होती, असा आक्षेप येईल. होतीच. पण ती कंपनीने आरामासाठी दिलेली, भार वाढला तरी गाडी समतल ठेवणारी. कॅलिफोर्नियातली जुळवाजुळव गॅरेजमधली, आणि तिचा पहिला प्रेक्षक पोलिस. पुढे गाड्या चौकाचौकांत उड्या मारू लागल्या, त्याचा कायद्याशी संबंध नाही, हेही कबूल. एकदा यंत्र हाती आल्यावर हौशी माणूस थोडाच गप्प बसतो! गंमत म्हणजे उंचीची ती अट आणि लोरायडरांच्या, म्हणजे या बुटक्या गाड्यांच्या, रपेटीवर बंदी घालण्याचा शहरांचा अधिकार, दोन्ही 2024च्या 1 जानेवारीला एकाच कायद्याने गेले. पंप मात्र कोणी उतरवले नाहीत.